उपाशी पोट, पण रिकामें नव्हे

पोटांत दुर्बीण घालून तपासावयाचें आहे, उपाशी पोटीं या, असा निरोप आला कीं आमच्या घरांतून पहिला प्रश्न निघतो तो फराळाचा. वऱ्याचे तांदूळ चालतील ना? निदान दूध? हा उपास एकादशीचा नव्हे. सर्वसाधारण नियमानें हलकें अन्न तपासणीपूर्वीं ६ तास बंद असावें, दूधहि त्यांतच मोजावें. नुसतें पाणी मात्र २ तासांपूर्वींपर्यंत चालतें.

परंतु ज्याच्या जठराचें खालचें द्वार जुन्या व्रणानें आकसलें आहे किंवा कर्करोगाच्या गांठीनें बुजलें आहे, त्याला हा घड्याळाचा नियम पुरत नाहीं. दुपारचें जेवण रात्रीं, क्वचित् दुसऱ्या दिवशींहि, आंबून उलटून पडतें. त्यांत हिरवें पित्त बहुधा दिसत नाहीं. कूस बदलतांना पोटांत पाणी हिंदकळतें. असा रोगी रात्रभर उपाशी राहिला तरी त्याचें पोट भरलेलेंच! गुंगीचें औषध दिल्यावर तें सांचलेलें अन्न घशाशीं येऊन फुप्फुसांत उतरलें, तर प्राणावर बेततें.

म्हणून येथें घट्ट अन्न एक-दोन दिवस आधींच थांबवितात, व नाकावाटे बारीक नळी (रुग्णालयांत तिला रायल्स ट्यूब म्हणतात) घालून सांचलेलें काढतात. भाताच्या शितांनीं ती तुंबते. मग तोंडावाटे जाड नळी घालून पोट धुवावें लागतें. नळी पाहून घरच्यांचा जीव कळवळतो, पण ती टाळण्याचा आग्रह आम्हांस रोग्याच्या हिताचा वाटत नाहीं. युक्तिहि जुनीच आहे. जर्मनींतील फ्रायबर्ग येथें कुस्माउल यांनीं अशा तुंबून फुगलेल्या जठरावर पंप चालविला व ती माहिती १८६९ सालीं प्रसिद्ध केली. तलवार गिळणाऱ्या एका खेळकऱ्याच्या साह्यानें पोटांत नळी उतरवून पाहणारेहि हेच गृहस्थ!

सततच्या उलट्यांनीं शरीरांतील पाणी, क्षार व पोटॅशियम घटतें. तें आधीं शिरेवाटे भरून काढतात. कांहीं रोग्यांस भूल देऊन, श्वासनलिकेंत नळी बसवून, मगच दुर्बीण घालतात.

रक्त पातळ करणारीं औषधें आणि मधुमेहाचें इन्शुलिन यांविषयीं डॉक्टरांस विचारावें, आपल्या मनानें चालू वा बंद करूं नये. कवळी काढून ठेवावी. शेवटची उलटी केव्हां झाली व तींत काय पडलें, हें लिहून न्यावें. आणि एवढ्याशानें काय होतें म्हणून आजींनीं पहांटे पेजेचे दोन घोट पाजले असतील, तर तेंहि संकोच न करितां सांगावें. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली तरी चालेल.