डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक

डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक किंवा डॅक हे अंकरूपात साठवलेल्या ध्वनीचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण आहे. संगणक व सीडी प्लेयर यांत तो अंगभूत असतो. उच्च दर्जाचा डॅक स्वतंत्रही मिळतो.

निवडीचे निकष

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात व प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. त्यातून सुमारे ९६ डेसिबलचा आवाका मिळतो. २४ बिटांचा सैद्धांतिक आवाका सुमारे १४४ डेसिबल आहे. मात्र परिपथातील गोंगाटामुळे तो प्रत्यक्षात मिळत नाही. म्हणून जाहिरातीतील बिटांपेक्षा डॅकचा मोजलेला गोंगाट आणि विरूपण पाहणे महत्त्वाचे असते. दोन उपकरणांची तुलना आवाजाची पातळी समान ठेवून करावी लागते, कारण किंचित मोठा आवाज अधिक चांगला भासतो.

मर्यादा

मूळ ध्वनिमुद्रणात नसलेला तपशील डॅक निर्माण करू शकत नाही. मिरजेत वास्तव्य केलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांचे गायन ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर मुद्रित झाले. त्या तबकड्यांची खरखर महागड्या डॅकमधूनही ऐकू येते. अशा गायनासाठी चांगल्या तबकडीचे काळजीपूर्वक केलेले अंकीकरण अधिक उपयोगी ठरते.