टी.ई. झालं की बॅट बंद?

आमच्या हॉस्टेलमध्ये एक ठरलेलं वाक्य आहे : ‘टी.ई. झालं की बॅट बंद.’ पुढे प्रोजेक्ट, कॅम्पस, नोकरी. मलाही हे पटायचं. मग प्रो. दि. ब. देवधरांबद्दल वाचलं आणि जरा लाजच वाटली.

देवधरांचा जन्म 1892 सालचा, पुण्याचा. ते कॉलेजात संस्कृत शिकवायचे, म्हणून क्रिकेटमध्येही ‘प्रोफेसर’. प्रथम श्रेणीचं क्रिकेट त्यांनी 1911 मध्ये सुरू केलं. 1926 मध्ये इंग्लंडहून एम.सी.सी.चा संघ आला, तेव्हा मुंबईत भारताकडून त्यांनी 148 धावा ठोकल्या. पण भारत पहिली कसोटी खेळला 1932 मध्ये. तोवर हे चाळीस वर्षांचे! कसोटीची टोपी काही मिळाली नाही.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बास झालं. यांची खरी इनिंग मात्र पुढेच आहे. ते महाराष्ट्राचे कॅप्टन झाले आणि विजय हजारेंसारख्या तरुण पोरांना घेऊन 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकला.

त्यातली 1940-41 ची मुंबईविरुद्धची मॅच म्हणजे कमाल. रणजीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त, तो पुढे जातो. मुंबईने केल्या 650. महाराष्ट्राने 675! फरक फक्त 25 चा, आणि त्यात कॅप्टनच्या एकट्याच्या 246, वयाच्या 48 व्या वर्षी. पुढे 1944 मध्ये, 52 व्या वर्षी, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकं काढली. 1973-74 पासून त्यांच्या नावाने देवधर करंडक सुरू झाला. ते गेले 1993 मध्ये, वयाची शंभरी ओलांडून.

भोर-वेल्ह्याचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. चार महिने ग्राउंडवर नुसता चिखल. पण पाऊस उघडला की टीम निवडताना बी.ई.वाल्यांना ‘तुम्ही अभ्यास करा’ म्हणून बाहेर बसवू नका. आणि स्टाफच्या मॅचमध्ये सरांना मानाने अकराव्या नंबरवर पाठवायची पद्धत आता बंद करा. कुणी सांगावं, त्यांच्यातही एखादे प्रोफेसर असतील. सर, तुम्हीही पॅड बांधून या!