फुगलेल्या फायलीतलं गाणं

पैठण गेटच्या मोबाइल मार्केटमध्ये एके काळी ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या दिसत. किरकोळ पैशांत कार्ड गच्च भरून मिळे: भीमगीतं, कव्वाल्या, प्रल्हाद शिंदे, लताबाई, मागाल ते. छत्रपती संभाजीनगरातल्या कितीतरी घरांत ती कार्डं पुढे कॉम्प्युटरवर रिकामी झाली. त्यांत सीडीवरून उतरवलेली गाणी मिसळली, जुन्या नोकियावर टेप केलेलं एखादं कीर्तन आलं आणि आता एमपीथ्री, डब्ल्यूएमए, एएमआर, एमफोरए अशा दहा-दहा हजार फायली एकाच हार्ड डिस्कवर नांदताहेत. मग घरात कोणीतरी चांगले हेडफोन आणतं, ‘फ्लॅक’ची महती ऐकतं आणि सगळा संग्रह एका रात्रीत फ्लॅकमध्ये करायला लावतं. सॉफ्टवेअर फुकट आहे, कॉम्प्युटर कुरकुरत नाही. सकाळी ५० जीबीचा संग्रह पाच-सहापट फुगलेला असतो. गाणं मात्र होतं तसंच.

सीडीवर आवाज साठवताना दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट्स होतात. पाच मिनिटांच्या गाण्याला ५० एमबीहून थोडी जास्त जागा लागते. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत तेच गाणं पाच एमबीच्या आत बसतं. ही बचत काही अंशी हुशार बांधणीची आहे, पण बराचसा ऐवज चक्क टाकून दिलेला असतो.

काय टाकायचं ते ठरवायला जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचे कार्लहाइन्झ ब्रांडनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाचा स्वभाव हेरला. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत भोंगा सुरू असताना शेजारच्या पोराची पुंगी ऐकू येत नाही. ती वाजत असते, पण मोठा आवाज आपल्या आसपासच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो. अशा झाकल्या गेलेल्या आवाजांवर एमपीथ्री बिट्स खर्च करत नाही.

अडचण होते ती तबल्याची. एमपीथ्री ५७६ नमुन्यांचा, म्हणजे साधारण १३ मिलिसेकंदांचा, गठ्ठा करून त्याचं गणित मांडतं. गठ्ठ्याच्या मधोमध ‘ना’ कडाडला, तर काटछाटीतून आलेली खरखर पूर्ण गठ्ठ्यावर पसरते, बोट पडण्याआधीच्या शांततेवरही. एन्कोडर अशा जागी गठ्ठा एक तृतीयांश करतो खरा, पण कमी बिटरेटच्या फायलीत तेवढ्यानेही भागत नाही. बोलाची धार जाते. तानपुऱ्याची जवारीही पाण्याखालून आल्यासारखी वाटू लागते. पं. नाथराव नेरळकरांसारख्या गवयांनी ज्या शहराचा कान घडवला, तिथे तरी हे खपू नये.

खात्री करायची तर ‘स्पेक’ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकून पाहावी. आडवी वेळ आणि उभी कंपनसंख्या, असा रंगीत आलेख दिसतो. १२८च्या एमपीथ्रीत बहुधा १६ हजार हर्ट्झच्या आसपास रंग एकदम संपतो आणि वर काळा पट्टा उरतो. त्याच फायलीचं फ्लॅक केलं तरी पट्टा जागच्या जागी. (७८च्या तबकडीवरून उतरवलेल्या गाण्यात वरच्या कंपनसंख्या मुळातच तुटपुंज्या असतात, त्यामुळे आलेख बघून लगेच दुकानदाराला बोल लावू नये.)

फ्लॅकचा यात काही दोष नाही. जोश कोल्सनने २००१ मध्ये आणलेली ही पद्धत काहीच टाकत नाही. मागच्या काही नमुन्यांवरून पुढचा नमुना किती असेल याचा ती अंदाज बांधते आणि अंदाज कितीने चुकला तेवढंच लिहून ठेवते. चूक लहान, म्हणून जागाही कमी. शिवाय मूळ आवाजाचा एमडी५ ठसा फायलीतच असतो. फ्लॅकचं वेव्ह, वेव्हचं ॲपलचं अलॅक, पुन्हा फ्लॅक असं कितीही फिरवा; ठसा जुळला की आवाजातला एकही बिट हललेला नाही. एमपीथ्रीचं एएसी आणि एएसीचं पुन्हा एमपीथ्री केलं, तर मात्र दर खेपेला नवा एन्कोडर आपल्या मताने कात्री चालवतो आणि आधीच्याने पाडलेली खरखर हेच मूळ गाणं समजून तिच्यावर बिट्स उधळतो.

तेव्हा घरात सीडी किंवा कॅसेट शिल्लक असेल, तर एमपीथ्री फुगवत बसण्यापेक्षा तिच्यावरून पुन्हा उतरवून घ्यावं. कॅसेटसाठी ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए सेकंदाला किमान ४८ हजार नमुने आणि २४ बिट सुचवते. उतरवलेली फ्लॅक प्रत जपून ठेवायची आणि गाडीतल्या जुन्या स्टिरिओसाठी तिच्यावरून एमपीथ्री काढायचं. एमपीथ्री आता बंद पडेल ही भीती नको. अमेरिकेतली त्याची पेटंटं २०१७ मध्ये संपली, ते कोणीही वापरावं.

नोकियावरचं ते कीर्तन हा वेगळा मामला. एएमआर फाइल सेकंदाला जेमतेम ८ हजार नमुन्यांची, त्यामुळे ४ हजार हर्ट्झच्या वरचं तिच्यात काही नसतंच. पण नवे प्लेअर ती उघडायला कां-कूं करतात. इथे फ्लॅक करणं शहाणपणाचं आहे, कारण आवाज सुधारला नाही तरी वाजत राहील. मूळ फाइल तरीही पुसू नये.

माझ्या मते खरं नुकसान आवाजाचं नाहीच, नावांचं आहे. एमपीथ्रीत गाण्याची माहिती लिहायच्या १९९६ च्या आयडीथ्री टॅगला गायकाच्या नावासाठी ३० बाइट मिळत. त्याला देवनागरी ठाऊक नव्हती. यूटीएफ-८ मध्ये बळेच कोंबली तर एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘वामनदादा कर्डक’ एवढ्याला ४० बाइट हवेत, म्हणून ‘वामनदादा क’ इथे नाव संपतं आणि पुढे चौकोन. त्यातून गीतकाराचा रकाना तर नव्हताच. पुढच्या आवृत्तीत तो आला, पण कार्ड भरून देणारा तो कशाला भरतोय? शाहीर-गीतकार वामनदादांची कितीतरी गाणी इतरांनी गायली. कार्डावर ती ‘ट्रॅक ०७’ म्हणून फिरली.

याउलट जात्यावरच्या ओव्यांचं काम पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, बर्नार्ड बेल यांनी १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलं आणि आता ‘पारी’ हा ग्रामीण भारतावरचा ऑनलाइन संग्रह ते प्रसिद्ध करतो. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या तिथे ऐकता येतात, गाणारणीच्या आणि गावाच्या नावासकट.

घरच्या संग्रहाला तेवढी शिस्त लावणं अवघड नाही, कारण फ्लॅकच्या टॅगमध्ये लांबीची अडचण उरलेली नाही. रकान्याचं नाव रोमन अक्षरांत द्यावं लागतं, आत देवनागरी हवी तेवढी लिहा: गायक, शाहीर, गाव, साल, कोणाच्या घरची कॅसेट. हे सगळं मूळ फ्लॅकमध्ये आधी भरावं. मग तिच्यावरून काढलेल्या एमपीथ्रीत नेहमीचे रकाने तरी आपोआप उतरतात.