चेंडूला विटाळ नव्हता

आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामना असला की रस्ते माणसांनी फुलून जातात. निळी जर्सी घातलेली, गालावर तिरंगा रंगवलेली मुले पाहिली की मला हटकून बाळू पालवणकर आठवतात. त्यांच्या काळी मुंबईत संघ धर्माप्रमाणे असत. हिंदू, पारशी, युरोपियन आणि १९१२पासून मुसलमान. ही पद्धत १९४६पर्यंत चालली. तेव्हा मी खेळाडू असतो, तर माझा संघ जन्मानेच ठरला असता. बाळूंचाही ठरलेलाच होता. पण त्या संघात त्यांची पंगत वेगळी होती.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. चर्मकार कुटुंबातला. पोरवयातच ते पुण्याला युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवायच्या कामाला लागले. पगार महिना चार रुपये. साहेबांना सरावासाठी गोलंदाज लागे, म्हणून त्यांच्या हाती चेंडू आला. बॅट मात्र कुणी दिली नाही. जे. जी. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज आपल्याला बाद केले की आठ आणे देत, असे सांगतात. रोजच्या या सरावातून एक विलक्षण डावखुरा फिरकी गोलंदाज घडला.

पुण्याच्या हिंदू संघाला ही गोलंदाजी हवी होती, स्पर्श नको होता. मैदानात सगळे त्यांच्या हातचा चेंडू झेलत. चहाची वेळ झाली की त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या पेल्यात चहा मिळे. लहानपणी एका मित्राच्या घरी माझ्यासाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असे. बॅट मात्र आम्हा दोघांत एकच होती. त्यामुळे बाळूंचा तो पेला मला फार जुना वाटत नाही.

पुढे बाळू मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता. तोवर जेवणाच्या टेबलावरचे अंतरही कमी झाले होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात आपला संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र शंभराहून अधिक बळी घेतले. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण आंबेडकरांनाही त्यांचा अभिमान होता. पुढे राजकारणात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३७च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, तरी कर्णधार म्हणून बाळूंची निवड कधी झाली नाही. तो मान १९२३मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. त्यासाठी दोन पिढ्या नाही, पण एका भावाची सारी कारकीर्द खर्ची पडली.

१९५५मध्ये बाळू गेले. स्टेडियमकडे निघालेल्या मुलांना मी कधी कधी त्यांचे नाव विचारतो. बहुतेकांनी ते ऐकलेले नसते. मग सिग्नल सुटेपर्यंत जेवढे सांगता येईल, तेवढे सांगतो. मातीच्या पेल्याची गोष्ट ऐकली की मुले क्षणभर गप्प होतात.