परकीयांची नोंदवही

मुळशी तालुक्यातील भरे हे गाव पिरंगुटच्या शेजारी, भातखाचरे आणि कारखान्यांच्या शेडी यांच्या दरम्यान वसलेले आहे. जवळच लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठाचे जे विस्तीर्ण आवार आहे, तेथे देशोदेशींचे विद्यार्थी शिकावयास येतात. गावात उतरलेल्या परक्या इसमाची वर्दी वर कचेरीत देणे हे या मुलखात पूर्वापार पाटलाचे काम होते; आज त्याच पंचक्रोशीत राहावयास आलेल्या परदेशी तरुणाची नोंद थेट दिल्लीच्या गृहमंत्रालयाच्या अधीन असलेल्या खात्यापर्यंत जाते. या स्थित्यंतराचा मागोवा घेणे मला अगत्याचे वाटते, कारण परक्या माणसाविषयी सरकारच्या मनात काय आहे, हे त्याच्या नोंदवहीत जितके स्वच्छ उमटते तितके अन्यत्र क्वचितच उमटत असेल.

इंग्रजी अमलात ही नोंदवही संशयातून जन्मली. परकीयांविषयीचा पहिला कायदा 1864 चा. पहिल्या महायुद्धानंतर 1920 साली देशात प्रवेश करण्यासाठी पारपत्राची सक्ती झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर, 1939 साली, परकीयांच्या नोंदणीचा कायदा आला, आणि 1946 च्या कायद्याने तर आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर आरोप त्याच्याच शिरावर ठेवला. ही शेवटची तरतूद मला नेहमीच कठोर वाटत आली आहे. आणि तरीही याच काळात, 1943 पासून पुढे सुमारे पाच वर्षे, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे जवळपास 5,000 पोलिश निर्वासितांना, त्यांतही मुख्यत्वे स्त्रियांना व बालकांना, आश्रय मिळाला होता, हे विसरता कामा नये.

या विषयाची दुसरी बाजू पाहावयाची तर आपण स्वतः परकीय म्हणून कोणाच्या वहीत कसे नोंदले गेलो, हे पाहिले पाहिजे. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटाने, म्हणजे मुदतीच्या कराराने बांधून, गेलेल्या साडेचार लाखांहून अधिक हिंदी मजुरांत मुंबई इलाख्यातील मराठी माणसेही होती. पोर्ट लुई बंदरातील ज्या डेपोत ती उतरली, तेथील घाटाच्या 16 पायऱ्या आजही दाखविल्या जातात, आणि 2006 पासून ते स्थान जागतिक वारशात गणले गेले आहे. आवक मजुरांसाठी तेथे जे स्वतंत्र खाते होते, त्याचा कारकून प्रत्येकाला एक क्रमांक देई व त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, जहाज, जिल्हा आणि गाव असा तपशील लिही. 1860 नंतरच्या दशकांत त्याला छायाचित्राचीही जोड मिळाली. हेतू अर्थात माणुसकीचा नव्हता. मळ्यातून पळालेला मजूर हुडकून काढता यावा, हे त्यातील मोठे प्रयोजन होते. परंतु ज्या वहीने आजोबांना जखडले, तीच आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन झालेली असून, आपले मूळ गाव शोधणाऱ्या त्यांच्या वंशजांना तिच्यावाचून दुसरा आधार नाही. कारकुनाने गावाचे नाव चुकीचे लिहिले असेल, तर तो धागा तेथेच तुटतो.

मॉरिशसचे हे नाते पुण्यात एका अकल्पित प्रसंगाने पुन्हा जुळले. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व वसतिगृहाचे रेक्टर असलेल्या शां. ब. मुजुमदार यांनी, काविळीने आजारी पडलेल्या एका मॉरिशसच्या विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून जेवण देत असलेली पाहिली. परदेशी मुलांच्या एकाकीपणाची जाणीव त्यांना त्यातून झाली आणि 1971 साली सिंबायोसिसची स्थापना झाली. लवळ्याचे आवार हा त्याच संस्थेचा विस्तार आहे. योगायोग असा की, केंद्र सरकारचा ब्युरो ऑफ इमिग्रेशनही 1971 सालीच स्थापन झाला. एकाने आतिथ्य पत्करले, दुसऱ्याने चौकशी. आणि परदेशी विद्यार्थ्याला या दोहोंचीही गरज असते.

चौकशीचा भाग दीर्घकाळ फार त्रासाचा होता. 180 दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने आगमनापासून 14 दिवसांच्या आत नोंदणी केली पाहिजे, हा नियम. शहरात राहणाऱ्याने पोलीस आयुक्तालयात, तर ग्रामीण हद्दीत राहणाऱ्याने पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत जावयाचे. पारपत्र, व्हिसाची नक्कल, छायाचित्रे, महाविद्यालयाचा दाखला, घरमालकाशी केलेला भाडेकरार, असे बाड काखेत मारून, मराठीचा गंध नसलेला मुलगा रांगेत उभा राही, आणि करारनाम्यावर एखादी सही राहिलेली निघाली म्हणजे पुन्हा मुळशीची बस धरी. 2018 च्या एप्रिलमध्ये ई-एफआरआरओ ही संगणकीय सेवा देशभर सुरू झाली, तेव्हा नोंदणी, व्हिसाची मुदतवाढ, देश सोडण्याचा परवाना ही कामे बहुतांशी घरबसल्या होऊ लागली. माझ्या मते या संपूर्ण इतिहासात परकीयाच्या सोयीचा विचार इतक्या उघडपणे प्रथमच झाला.

1 सप्टेंबर 2025 पासून जुने चार कायदे रद्द होऊन परकीयांविषयीचा एकच नवा कायदा अमलात आला आहे. पुराव्याच्या भाराची जुनी तरतूद त्यातही कायम आहे, याचा मला खेद वाटतो. मात्र शिक्षणसंस्था आणि घरमालक यांच्यावरील जबाबदारी त्यात स्पष्ट केली आहे, हे योग्यच झाले. कारण नोंदवहीचे पहिले पान आता कचेरीत नव्हे, तर आपल्या ओसरीवर लिहिले जाते. परकीयाला निवारा देणाऱ्या प्रत्येकाने, मग ते हॉटेल असो वा दोन खोल्यांचे घर, त्याच्या आगमनाची खबर 24 तासांच्या आत फॉर्म 3 (पूर्वीचा सी फॉर्म) भरून दिली पाहिजे. ती दिली नाही, तर मुलाचे पुढील कागद अडतात, आणि दोष नसताना हेलपाटे त्याला पडतात. तेव्हा भरे, लवळे, पिरंगुट या पट्ट्यातील घरमालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की परदेशी भाडेकरू ठेवाल त्याच दिवशी हा फॉर्म भरा, आणि त्याचे नाव पारपत्रावर असेल तसेच, अक्षरही न बदलता, लिहा.