एका डिस्कचे दोन नकाशे

मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले आणि घरोघरचे संगणक पुन्हा ‘फॉरमॅट’ला निघाले. नवी प्रणाली चढवताना हमखास आडवा येणारा एक संदेश असा : या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही, कारण तिची विभागणी एमबीआर पद्धतीची आहे, ईएफआय संगणकाला जीपीटी डिस्क लागते. दुरुस्तीवाला म्हणतो, ‘‘सगळी पार्टिशनं उडवू, मग होईल.’’ होते, हे खरे. पण त्याबरोबर डी आणि ई ड्राइव्हवर वर्षानुवर्षे साठवलेले लेखनही जाते. वास्तविक डिस्क बिघडली आहे, असे त्या संदेशात कुठेच म्हटलेले नसते. तिथे दोन पिढ्यांच्या रूढी समोरासमोर आलेल्या असतात, इतकेच.

जुनी रूढी १९८३ची, आयबीएमच्या पीसी-एक्सटीच्या वेळची. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत तिचा नकाशा ठेवायचा. त्यात नोंदी चारच. जागेचा क्रमांक ३२ बिटांत लिहिलेला, म्हणून साधारण दोन टेराबाइटपलीकडची जमीन या नकाशाला दिसतच नाही. चारांहून जास्त विभाग हवेत म्हणून पुढे एका विभागाच्या पोटात आणखी विभाग घालण्याची तोड निघाली. बाहेरचा ‘एक्स्टेंडेड’, आतले ‘लॉजिकल’. आपल्याकडच्या जुन्या असेंबल्ड संगणकांवरचे डी, ई, एफ पुष्कळदा या पोटातलेच असतात, आणि ते पुढे नडतात.

नवी रूढी इंटेलने १९९०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या इटेनियम यंत्रांसाठी आखली. २००५मध्ये ती अनेक कंपन्यांच्या यूईएफआय फोरमकडे आली. हिचा जीपीटी नकाशा बहुधा १२८ नोंदींचा असतो आणि त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटाशी राखलेली असते.

मधल्या काळातल्या कित्येक यंत्रांना दोन्ही भाषा येतात, आणि खरी मेख इथेच आहे. सुरू करतानाच्या यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो : एकदा नुसता, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून. दुसरी ओळ निवडली की विंडोज जीपीटी मागते, पहिली निवडली की एमबीआर. जुनीच प्रणाली पुन्हा बसवायची असेल, तर मागे येऊन पहिली ओळ निवडणे एवढाच उपाय. डिस्कला हात लावावा लागत नाही.

विंडोज ११ला मात्र यूईएफआयच हवे, म्हणजे नकाशा बदलणे आले. त्यासाठी २०१७पासून विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ नावाची आज्ञा आहे. तिला आधी ‘व्हॅलिडेट’ सांगावे : ती फक्त तपासते, लिहीत काही नाही. मग ‘कन्व्हर्ट’. फाइली जागच्या जागी राहतात. त्यानंतर यंत्राच्या सेटिंगमध्ये यूईएफआय निवडायला विसरू नये, नाहीतर संगणक सुरूच होत नाही. डिस्कवर बिटलॉकर असेल, तर तो आधी तात्पुरता थांबवावा आणि त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. एवढे करूनही ही आज्ञा एका ठिकाणी अडते : तीनपेक्षा जास्त प्राथमिक विभाग किंवा एकही एक्स्टेंडेड विभाग तिला चालत नाही. वर उल्लेखलेले डी-ई असे नडतात. अशा वेळी सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे हाच खात्रीचा मार्ग.

डिस्क यादीत दिसतच नसेल, तर तो निराळा आजार. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांत बहुतेकदा व्हीएमडीचा ड्रायव्हर कमी असतो. तो पेनड्राइव्हवरून पुरवला की डिस्क प्रकटते.

उतरवून घेताना मराठी लेखकांनी एक जास्तीचे काम करावे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली हस्तलिखिते त्या फॉन्टावाचून उघडली, तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर शाबूत असतो, वाचता येत नाही. फाइली बहुधा डीवर असतात, पण फॉन्ट सी ड्राइव्हवर, विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात. आणि फॉरमॅट होतो तो सी.