तपासणीतून सुटलेल्या हिरड्या

मधुमेह जुना झाला की डॉक्टर डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला सांगतात, पावलांची संवेदना बघतात, लघवीतली प्रथिने मोजतात. ‘आ करा’ असे मात्र क्वचितच कोणी म्हणते. हॅराल्ड लोए या दंतशास्त्रज्ञाने तर हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाचा सहावा उपद्रव 1993 मध्येच म्हटले होते.

याचा भक्कम पुरावा अमेरिकेत, ॲरिझोनातल्या गिला नदीकाठी मिळाला. तिथल्या पिमा आदिवासींमध्ये मधुमेहाचे प्रमाण अतोनात आहे आणि 1965 पासून सरकारी संशोधकांनी त्यांच्या पिढ्यांचा अभ्यास केला आहे. मधुमेही पिमांना हिरड्यांचा आजार होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट निघाली. त्याहून महत्त्वाचे पुढेच आहे. साखर बऱ्यापैकी आटोक्यात, पण हिरड्यांचा आजार गंभीर, अशा रुग्णांची साखर काही वर्षांनी हाताबाहेर जाण्याचा धोका अधिक होता.

म्हणजे दुखणे दोन्हीकडून चालते. रक्तातली जादा साखर प्रथिनांना चिकटते, अशी प्रथिने हिरडीतला दाह भडकवतात. पांढऱ्या पेशी जंतूंपुढे मंदावतात, झिजलेले कोलॅजन नीट भरून येत नाही. निरोगी हिरडी आणि दात यांतली फट तीन मिलिमीटरपर्यंत खोल असते. ती वाढली की आत ब्रश पोहोचत नाही, किटण साचते, हाड खचते. तिथला दाह मग तिथेच राहत नाही. त्याची रसायने रक्तात उतरतात आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते.

हिरड्यांखालची सफाई केली तर साखर उतरते का? 2013 मधल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत फरक दिसला नव्हता. पण 2022 मध्ये वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारे रक्तातले प्रमाण, सरासरी 0.43 टक्क्याने घटल्याचे आढळले. औषधांना पर्याय ठरण्याइतके हे नाही, तरी दुर्लक्ष करण्याजोगेही मुळीच नाही.

आपल्याकडे यात तंबाखूची भर पडते. खेड्यापाड्यांत अनेक बायका रोज मिश्री लावतात, म्हणजे भाजलेली तंबाखू थेट हिरडीवरच चोळतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची अडचण निराळी: त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार झाकला जातो. अशा रुग्णाने रक्ताची वाट न पाहता, साखरेचा ताजा अहवाल घेऊन दंतवैद्याकडे फटींची खोली मोजून घ्यावी.